वाकायचं नाही

परवा माझ्या डोळ्यावरची पट्टी सोडताना स्पिरिटचा वास आला आणि यवतमाळचा जुना दवाखाना आठवला. एकोणीसशे साठच्या सुमारास तिथं बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून बाजूंना वाळूच्या पिशव्या. "वाकायचं नाही, रडायचं नाही," नर्सबाईंनी बजावलेलं. तिसऱ्या दिवशी झरीहून मोठे काका आले. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून दोघा भावांत अबोला होता. खोकल्यावरूनच ओळखून बाबा पाया पडायला उठू लागले. काकांनी खांदे दाबून धरले. "निजून राय! डोळा जाईन तुहा. पाया मंग पडजो." एवढं म्हणून तेच रडू लागले. आता माझ्याही ऑपरेशननंतरच्या कागदावर पहिली सूचना तीच आहे, वाकू नका. पण ज्याच्या पाया पडावं, असं माझ्याहून मोठं घरात कोणी उरलेलं नाही.