साताऱ्यात राहिलेली डिस्क

माझं डोकं चटकन फिरतं, हे आधीच सांगून टाकते. सांगलीत माझा कानाच्या तपासणीचा छोटा दवाखाना आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना ऑपरेशननंतर कानामागे एक मशीन लावतात, त्याचं सेटिंग मी करते. त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि माझ्याकडे आहे मॅक. जुना लॅपटॉप मान टाकून बसला तेव्हा नवऱ्यानं हौसेनं आणला. मग त्या मॅकच्या पोटातच एक अख्खी विंडोज बसवून घेतली.

बसवणाऱ्यानं बजावलं होतं, आतल्या विंडोजला अँटिव्हायरस लागतोच. मी म्हटलं, मॅकला कुठला आलाय व्हायरस? काम मंद होतं म्हणून तो बंद करून टाकला. वर मॅक आणि विंडोज दोघांनाही दिसेल असं एक फोल्डर कायम उघडं ठेवलं, फायली इकडच्या तिकडे करायला बरं पडतं म्हणून. बॅकअपही तिथेच. शिवाय एक बाहेरची डिस्क होती, तीही सदानकदा मॅकला लावलेली. रोज संध्याकाळी विंडोज बंद केली की तिची सबंध नक्कल त्या डिस्कवर करायची, आणि मी निर्धास्त.

खंडेनवमीला आम्ही साताऱ्याला सासूबाईंकडे असतो. त्या पाटावर विळी, कोयता, सासऱ्यांचे पाने-पकड मांडतात आणि मग माझ्यापुढे हात करतात, "तुझंही दे." मी बॅग दिली. त्यांनी मॅक काढला, डिस्कची वायर उपसली, दोन्हींना हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. परत निघताना घाईत मी मॅक उचलला आणि डिस्क तिथेच राहिली. सांगलीत आल्यावर लक्षात आलं तशी फोन करून त्यांच्यावरच चिडले. "अगं, पूजेतली वस्तू आहे, जपून ठेवलीय," एवढंच त्या म्हणाल्या. मीही पुढच्या फेरीवर ढकललं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आटपाडीकडच्या एका मेंढपाळाचा फोन आला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं मशीन घरच्या कुत्र्यानं चावून चोथा केलं होतं. "आवं म्याडम, कुत्र्याला काय कळतंय, हाडूक समजून खाल्लं त्यानं." बदली मशीन आलं होतं. पण नवं मशीन म्हणजे नुसतं खोकं, त्यात त्या मुलीचं सेटिंग भरल्याशिवाय ते मुकं. दोन वर्षं मी तिचा चेहरा बघत बघत ते जमवलं होतं. जरा आवाज जास्त झाला की ती रडायची, कमी झाला की हिरमुसायची. पुण्यात ऑपरेशन झालं तिथे फक्त पहिल्या दिवसाचं सेटिंग होतं. ती आता कुठे बोलायला लागली होती, आणि मशीन गेल्यापासून पुन्हा गप्प झाली होती.

बापलेक समोर येऊन बसले आणि मी विंडोज चालू केली. एकही फाइल उघडेना. सगळ्यांच्या नावांना भलतंच शेपूट, आणि पडद्यावर इंग्रजीत दमदाटी, पैसे भरा नाहीतर सगळं विसरा. आदल्या दिवशी एका शिबिराची यादी पेन ड्राइव्हवरून घेतली होती, तिच्याबरोबरच हा व्हायरस आत आला होता. मधल्या फोल्डरमध्ये बघितलं तर तिथलेही बॅकअप कुलूपबंद. म्हणजे आता शून्यापासून सुरुवात, आणि तोवर ती पोर तशीच बसणार. समोर बाप मशीनचा खोका मांडीवर घेऊन बसलेला. "लय टाइम लागंल का?" त्यानं विचारलं. मी "बघते" म्हटलं आणि बाहेर जाऊन सासूबाईंना फोन लावला.

"आई, ती डिस्क कुठाय?"

"देवघराच्या कपाटात. का गं, रडतेस का?"

कुणाबरोबर पाठवा म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. स्वतः एसटीत बसल्या आणि टॉवेलात गुंडाळलेली डिस्क मांडीवर धरून दुपारी दवाखान्यात हजर. डिस्कच्या भोकातसुद्धा कुंकू. ते ब्रशनं झाडताना मला हसावं की रडावं कळेना. तोवर मी बिघडलेली विंडोज मॅकवरून समूळ काढून टाकली होती आणि इंटरनेट तोडलं होतं. मगच डिस्क लावली. ती नेहमीसारखी जोडलेली असती तर आदल्या संध्याकाळीच बिघडलेल्या विंडोजची नक्कल चांगल्या नक्कलेवर चढून बसली असती. नक्कल खंडेनवमीच्या आधीची, आणि मुलगी शेवटची आली होती ती त्याही आधी.

फाइल मोठी, कॉपी संपता संपेना. सासूबाईंनी डबा उघडून बापलेकीला जेवायला घातलं. अखेर विंडोज उघडली. मी आधी मधलं फोल्डर बंद केलं, मग मुलीचं नाव शोधलं. सेटिंग जसंच्या तसं. माझा जीव भांड्यात पडला. खंडेनवमीनंतर आलेल्या चार-सहा पेशंटना सेटिंगसाठी पुन्हा बोलवावं लागलं, कुणी कुरकुर केली नाही. अँटिव्हायरस परत चालू झाला. आता दोन डिस्क आहेत, एक काम झालं की काढून ठेवते आणि दुसरी साताऱ्यात असते. सासूबाईंचं म्हणणं, सगळं देवीनं केलं. मी वाद घालत नाही.

मशीनमध्ये सेटिंग भरून ते मुलीच्या कानामागे लावलं, आवाज हळूहळू वाढवला. ती रडली नाही. सासूबाईंनी दिलेला लाडू फोडून ती त्यातले बेदाणे वेचत होती. बाप तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं अगदी हळू हाक मारली, "बाय."

"काय?" ती म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

"बाय," त्यानं पुन्हा हाक मारली.

"काय?"

त्याला काहीच सांगायचं नव्हतं. तो नुसता हाका मारत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही पुसलं नाही. शेवटी ती वैतागून मागे वळली आणि म्हणाली, "काय हाय? सांग की."