सल्लागार समिती आणि माहूरचा तांबूल

माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘स्वतंत्र’ हा शब्द चार वेळा आला होता. मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची व्यवस्था आता पानटपरीपर्यंत पोचली आहे. तिचे नियम करणाऱ्यांना बाहेरच्या माणसांनी सल्ला द्यावा, म्हणून ही विभागीय समिती. बाहेरची म्हणजे ज्यांना बँकेचा पगार नाही आणि पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांचं मानधनही नाही, अशी. लातूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मला यातलं काहीच मिळत नव्हतं. शिवाय निवृत्तीनंतर मला कोणी कशाबद्दलही सल्ला विचारत नव्हतं, घरात तर मुळीच नाही. मी लगेच होकार कळवला.

खरं सांगायचं तर कल्पना मला पटली होती. नियम करणारे आणि ज्यांच्यासाठी नियम करायचे त्या कंपन्या, दोघांची माणसं एकाच प्रकारची शिकलेली असतात, एकाच हॉटेलात परिषदा भरवतात आणि मधूनमधून एकमेकांकडे नोकऱ्या बदलतात. त्यात कुणी वाईट असतं असं नाही. पण त्यांच्यामध्ये एखादा माणूस असा बसलेला बरा, ज्यानं अडाण्यासारखा प्रश्न विचारला तरी त्याला काही गमावायचं नाही.

बैठका नांदेडला व्हायच्या. लातूरहून पहाटेची एसटी धरायची, अहमदपूर, लोहा करत साडेतीन तासांनी उतरायचं आणि हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात जाऊन कुडकुडत बसायचं. पहिला पाऊण तास सत्कार. अध्यक्षांचा सत्कार, बँकेतून आणि कंपन्यांतून आलेल्या पाहुण्यांचा सत्कार, मग आम्हा सदस्यांचा, मग सत्कार करणाऱ्यांचा राहिला म्हणून त्यांचा. तिसऱ्या बैठकीनंतर मी शाल घेऊन घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, “पुढच्या वेळी उशीचे अभ्रे देता का विचारा.”

अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते. आवाज भारदस्त, आणि प्रत्येक विषय त्यांच्या कारकिर्दीत कुठे ना कुठे येऊन गेलेला. सचिव मात्र तरुण, कामसू आणि कायम दमलेला. त्याच्यावर अशा तीन समित्या होत्या. बैठकीचं इतिवृत्त तो आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. मी हे पकडलं तेव्हा तो न लाजता म्हणाला, “सर, फरक पडला तर बदलतो ना. अजून पडला नाही.”

सदस्यांमध्ये माझं जमलं ते एका आडत व्यापाऱ्याशी. लातूरच्या भुसार बाजारात त्यांची पेढी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि जिभेला लगाम नाही. ते मला गुरुजी म्हणायचे. पहिल्याच बैठकीत कानाशी लागून म्हणाले, “गुरुजी, आपण हितं कशाला हाव, मालूम हाय का? जेवणाची ताटं मोजायला मुंडकी लागतात.”

त्या वर्षी श्रावणात बायकोबरोबर माहूरला गेलो. रेणुकादेवीला विड्याची पानं कुटून केलेल्या तांबुलाचा नैवेद्य असतो. गडाच्या वाटेवर तो कुटून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका बाईंकडे आम्ही तांबूल घेतला. वय पन्नाशीचं. बायकोनं पैसे द्यायला मोबाइल काढला, तर बाईंनी स्कॅनरवर पालथा हात ठेवला.

“त्याच्यावर नका टाकू, ताई. आत गेलेलं भायेर येत न्हाई.”

विचारलं तेव्हा हकिगत कळली. दोन महिन्यांपूर्वी कुणा यात्रेकरूनं तिला तांबुलाचे पैसे मोबाइलवरून दिले. त्याच्या खात्यात कुठूनसे फसवणुकीचे पैसे आले होते म्हणे. तपास करणाऱ्यांनी त्या पैशांचा माग काढत काढत ते जिथे जिथे गेले ती सगळी खाती गोठवायला सांगितलं. त्यात हिचं खातं सापडलं. वादातली रक्कम एका तांबुलाची. अडकलं सगळं खातं.

“पैसे दिसून राहिले सर, पण निघंना,” ती म्हणाली. “ब्यांकेत गेले. ते म्हणतात, वरून हाय. वर कोण हाय ते कोणीच सांगंना. कंपनीला फोन लावला, तर त्यातली बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. मी समदे दाबले.”

नवरात्र दीड महिन्यावर आलं होतं. माहूरच्या दुकानदाराचं वर्ष त्या नऊ दिवसांत असतं. पानं, सुपारी, खण, नारळ आधी भरून ठेवावे लागतात आणि ते भरायचे पैसे त्या खात्यात होते. दुकानांच्या त्याच रांगेतल्या आणखी दोघांचं असंच झालं होतं, असंही ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की याच कामाच्या समितीवर मी आहे. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला लगेच सांगावं लागलं, “आम्ही फक्त सल्ला देतो.”

परत आल्यावर मी एका पानाचा प्रस्ताव लिहिला. वाद जेवढ्या रकमेचा, तेवढीच रक्कम गोठवावी. बाकी खातं चालू ठेवावं. आणि गोठवण्याचं कारण खातेदाराला लेखी कळवावं. सचिवानं तो विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घातला. ज्याला त्रास झाला त्याचं म्हणणं समितीला ऐकता येतं, असा एक नियम कुणाच्याही लक्षात नसताना पडून होता. मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “येऊ द्या, पाहू.” मी बाईंना फोन करून यायला सांगितलं.

ती आली. दुकान बंद ठेवून, किनवट-भोकरच्या वाटेनं, दोन गाड्या बदलून. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, अर्जांच्या प्रती आणि पुरावा म्हणून चक्क दुकानातला स्कॅनर, उभा करायच्या पट्टीसकट. तिला बाहेरच्या सोफ्यावर बसवून मी आत गेलो. माझी चूक तिथे झाली.

त्या दिवशीच्या सत्कारांत एक नवा होता. मोबाइलवरून व्यवहार करणारी आदर्श महिला विक्रेती. भोकरहून बोलावलेली ती विक्रेती काही आली नाही. भाड्यानं आणलेला निवेदक घायकुतीला येऊन बाहेर गेला. सोफ्यावर एक बाई स्कॅनर मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं विचारलं, “कार्यक्रमाला आलात ना?” ती म्हणाली, “हाव, माहूरहून. स्कॅनरचंच काम हाय.” त्याला आणखी काय हवं होतं?

मी मान वर केली तर ती मंचावर. तिच्या डोक्याला फेटा बांधणं चालू होतं. मी अर्धवट उठलो, तोवर शाल पडली, नारळ आला, अध्यक्ष तिच्या एका बाजूला आणि तिच्या बँकेचे वरिष्ठ दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मधे ती, हातात स्कॅनर. फोटोवाल्यानं तो थोडा वर धरायला सांगितला. तिनं धरला. तिला वाटलं असावं, सुनावणी अशीच असते.

निवेदकानं तिच्यापुढे माईक धरला. “दोन शब्द बोला, ताई.”

“मी तांबूल कुटते,” ती म्हणाली. “दोन म्हयन्याच्या वर झालं, माझं खातं बंद हाय. नवरात्र तोंडावर आलंय. तेवढं चालू करून द्या.”

मग निवेदक म्हणाला, “किती साधे, किती मनापासूनचे शब्द!” आणि टाळ्या पडल्या.

व्यापारी माझ्याकडे झुकले. “झाली बघा सुनावणी, गुरुजी. टाळ्या बी पडल्या.”

पाचव्या विषयावर अध्यक्षांना त्यांची जिल्ह्यातली पहिली नेमणूक आठवली आणि जेवणाची वेळ झाली. सहावा आणि सातवा विषय पुढच्या बैठकीत. मी बाहेर गेलो. ती फेट्यासकट सोफ्यावर बसली होती.

“झालं का काम, सर?”

“नाही. विषय निघालाच नाही.”

“मंग हे कशाचं?” तिनं फेट्याला हात लावला.

मी चूक कशी झाली ते सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. फेटा उतरवून नीट घडी घातली. “आन् नारळ कशाला दिला? नारळ तर मी इकते,” एवढं म्हणाली आणि तीनच्या गाडीला निघून गेली. मी तिला गाडीभाडं देऊ केलं. तिनं ते घेतलं नाही. परतीच्या एसटीत वाचायला घेतलेल्या पुस्तकाचं मला लोह्यापर्यंत एकही पान उलटता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो आला. अध्यक्ष, बँकेचे वरिष्ठ आणि मधे स्कॅनर धरलेली फेट्यातली बाई. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. “सर, चालू झालं. सकाळी पैसे निघाले.” कुणी चालू केलं, कसं, तिला ठाऊक नव्हतं. मला अंदाज होता. वरिष्ठांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचं खातं आपल्याच शाखेत बंद आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार. मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? पण जे काम एका पानाच्या प्रस्तावानं व्हायला हवं होतं, ते एका फेट्यानं झालं होतं.

दोन दिवसांनी सचिवाचा फोन. “सर, अभिनंदन. प्रकरण निकाली निघालं. आता सातवा विषय मागे घेऊ ना?”

“का?”

“उदाहरणच उरलं नाही.”

“त्याच रांगेत आणखी दोन दुकानं आहेत.”

“त्यांनी अर्ज करावेत. सर, मला फक्त त्या बाईंचं एक समाधानपत्र आणून द्या. दोन ओळी चालतील. फाइल बंद होते.” त्याच्या आवाजात एवढा थकवा होता, की मला त्याच्याशी भांडवेना.

मी तिला फोन लावला. नवरात्राला आठवडा राहिला होता. फोनमध्ये मागे खलबत्त्याचा आवाज येत होता, तो थांबला. सचिवाला काय हवंय ते मी सांगितलं.

“न्हाई लिहून दिलं तर परत बंद करतील का, सर?”

मी दोन वर्षं त्या समितीवर होतो. नियमांच्या तीन जाडजूड वह्या माझ्या कपाटात होत्या. मला उत्तर ठाऊक नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

“आन् लिहून दिलं तर परत बंद करणार न्हाईत, असं हाय का?”

तेही मला ठाऊक नव्हतं.

“मंग मीच बघते काय लिहायचं ते,” ती म्हणाली. खलबत्ता पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी तिच्या पत्राचा फोटो आला. वहीच्या कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: “माझे खाते चालू झाले. चालू का झाले ते कोणी सांगितले नाही. बंद का केले होते तेही कोणी सांगितले नाही. परत बंद होणार का ते लिहून कळवावे. नवरात्रात दुकानावर असते, नंतर कळवले तरी चालेल.”

मी ते तसंच पुढे पाठवलं. सचिवाचा फोन पाच मिनिटांत आला.

“सर, हे समाधानपत्र नाही.”

“तिचं समाधान एवढंच आहे.”

“पहिली ओळ ठेवू. बाकीच्या काढू.”

“मग तिची सही पण काढा.”

अडचण त्याला माझ्याआधी कळली होती. खातेदाराचं पत्र दाखल झालं की ते इतिवृत्ताला जोडावं लागतं, आणि त्यात प्रश्न असेल तर त्याचं उत्तर मागवावं लागतं. पत्र त्यानंच मागितलं होतं.

पुढच्या बैठकीत आधीचं इतिवृत्त कायम करताना ते पत्र वाचलं गेलं. सचिवानंच वाचलं, एका सुरात. वाचून झाल्यावर व्यापारी म्हणाले, “साहेब, सवाल बराबर हाय की. का केलं होतं बंद?” अध्यक्षांनी बँकेच्या वरिष्ठांकडे पाहिलं, त्यांनी कंपनीच्या प्रतिनिधीकडे, आणि कंपनीच्या प्रतिनिधीनं पाण्याच्या बाटलीकडे. सातवा विषय त्या दिवशी चर्चेला आला. शिफारस एकमतानं झाली. शिफारशीबरोबर बाईंचं पत्र बँक, कंपनी आणि तपास करणारे अशा तीन ठिकाणी गेलं. दोन ठिकाणांहून उत्तरं आली. दोघांनीही दुसऱ्याकडे विचारणा करावी, असं नम्रपणे कळवलं होतं. तिसरं उत्तर अजून आलेलं नाही. रांगेतल्या दुसऱ्या दोघांपैकी एकाचं खातं अजून बंद आहे.

दिवाळीनंतर मी तिला फोन केला. नवरात्र बरं गेलं होतं. तिनं किनवटला दुसऱ्या बँकेत आणखी एक खातं काढलं होतं. स्कॅनरचे पैसे जुन्याच खात्यात येतात. रोज संध्याकाळी दुकान आवरताना ती ते सगळे नव्या खात्यात हलवते, जुन्यात दहा रुपये ठेवते. आमच्या शिफारशीचं उत्तर येईपर्यंत एवढं करत राहणं बरं, असं मी म्हणालो.

“आल्यावर बी करीन, सर,” ती म्हणाली.