चोरीची भाजी

आमच्या शाळेतल्या शेतीच्या गुरुजींइतका चोरांना जीव लावणारा माणूस अख्ख्या मेहकर तालुक्यात नव्हता. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रामराम घालण्याआधी ते समोरच्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त आहे की नाही ते बघत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचीच पापणी ओढली आणि "याले मेथी देत जा" असं त्याच्या सासूला बजावून मगच अक्षता टाकल्या. शाळेत येताना वाटेवरचं शेण गोळा करून आणत. सरकारी खताचं पोतं आलं होतं, त्यावर ते निवांत बसत. त्यातली चिमूट मात्र वाफ्यात पडू देत नसत. सभेला पालक किती आले, असं हेडमास्तरांनी विचारलं तर "दोन वाफे" म्हणाले.

पोरांना शिकवलेलं त्यांच्या घरी शिजावं, हा एकच ध्यास. पण वाटलेली भाजी कोणी नेईना. फुकटची नेली तर घरात काही नाही असं दिसतं, आणि आमचा गाव उपाशी राहील पण तसं दिसू देणार नाही. मग गुरुजींनी बागेचं कुंपणच काढून टाकलं. भाजी चोरीला जाऊ लागली आणि गुरुजी खुलले. "चोरलेली भाजी कोनी बकरीले टाकत नाही," म्हणायचे.

मग तपासणीचे साहेब आले. वाफे बोडखे. बाग दिसली नाही तर जागा खेळाच्या मैदानात जाणार, हे गुरुजींना ठाऊक होतं.

"भाजी कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"गावात हाय, सायेब."

कोणाच्या घरी, ते काही सांगेनात. साहेब बाग मोडायला सांगणार, तेवढ्यात जमलेल्या बायांतून शेवंताकाकू पुढे आल्या. साऱ्या गावाला ताक वाटणारी, कोणाकडून कधी काही न घेतलेली ही बाई.

"पालक म्या नेला, सायेब. सून दोन जिवांची हाय, तिले खाऊ घातला."

साहेब हसले. बाग राहिली.

"बाग वाचली, पण काकूले चारचौघांत सांगा लागलं," गुरुजी संध्याकाळी मला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते लोटा घेऊन भर रस्त्यानं काकूंच्या दारी जाऊ लागले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं "काकू, मले थोडं ताक द्या" म्हणू लागले. ताकानं त्यांना हमखास सर्दी व्हायची. तरी बदली होईपर्यंत त्यांनी खाडा केला नाही. मेहकरच्या गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. गुरुजी खिडकीशी बसून शिंकत होते, आणि त्या दिवशी मला त्यांच्या शिंकांचं हसू आलं नाही.