नळीत बघण्याची रीत

रानडुकरांपासून भात राखायला आमच्या गावात बऱ्याच घरी परवान्याची बंदूक आहे. बंदूकवाले जमले की एखादी बंदूक हातोहात फिरते, आणि हातात घेणारा प्रत्येक जण ती उघडून नळीत काडतूस राहिलंय का ते बघतो. शेजारच्याने आत्ताच बघितलेली असली तरी बघतो. एरवी कुणी आपलं काही तपासलं की आपल्याला झोंबतं. इथे मात्र कुणी राग धरत नाही. ही रीत गावाला बाबांनीच लावली.

काल सदूकाकांच्या ओटीवर त्यांची नवी दुनळी फिरत होती. बाबांनी दस्त्यावरून हात फिरवला, "लाकूड झकास आहे हो," म्हणाले आणि न उघडताच ती पुढे दिली. गप्पा थांबल्या. सदूकाकांनी हळूच ती घेतली, उघडली, आत बघितलं.

"रिकामी आहे," ते म्हणाले. बघत होते माझ्याकडे.

घरी आल्याबरोबर मी बाबांच्या खोलीतली आमची बंदूक खुंटीवरून काढली.

"मी बघितलीय ती," बाबा दारातून म्हणाले.

मी तरी उघडली. नळी रिकामी होती. सुटकेचा निःश्वास टाकून वळलो, तर बाबांचा चेहरा रागाने लाल झाला होता.