चार तासांची लाइट, साडेचार तासांचं लग्न

राजूनं दोन्ही डीव्हीडी लावून दाखवल्या. पहिलीत हळदीच्या वेळी नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन उमटले होते. नव्यानं बनवलेल्या दुसरीत हळद स्वच्छ होती, पण पंगतीत वाढणाऱ्याचं डोकं धडापासून वीतभर बाजूला सरकलं होतं.

"ताई, लग्न एकच हाय, मशीन एकच हाय. मंग असे येगयेगळे चाळे काहून करून राह्यलं हे?"

राजू राठोड घाटंजीत लग्नाचे व्हिडिओ करायचा. मी यवतमाळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचे आणि त्याचं मशीन माझ्याच हातचं होतं. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत खर्डेघाशी करणारे. मी एकटीच पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून एस.टी.नं तालुके फिरायचे. मशीन बिघडलं की आधी वापरणाऱ्याची चूक शोधायची, ही माझी खोड. राजूनं मशीनचं काय केलं असेल याचा अंदाज मी बसमध्येच बांधून ठेवला होता.

बाकावर नवरीचे वडील बसले होते. हरसिंगभाऊ. जवळच्या बंजारा तांड्यावरचे, बैलगाडीनं लोकांचा कापूस जिनिंगला पोचवणारे. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, जिनिंग आठवड्यातून दोन-तीन दिवसच चालायचं आणि गाडी बरेचदा अंगणातच उभी असायची. जावई फौजेत होता. सोमवारी तो त्यांच्या सुनीताला घेऊन आसामला निघणार होता. आज गुरुवार.

"बाकी काई नसलं तरी चालते ताई," हरसिंगभाऊ म्हणाले. "पोरीले तिच्या याडीचा ढावलो पायजे. थो नेल्याबिगर जात नाई म्हनते."

याडी म्हणजे आई. ढावलो म्हणजे लेक सासरी निघताना बायका रडत रडत म्हणतात ते गाणं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "नसलाच नीट तर परत म्हणायला लावू. राजू उद्या तांड्यावर येऊन शूट करील."

हरसिंगभाऊंनी रागावण्याऐवजी मला समजावलं. "लेक उंबऱ्याबाहेर पाय टाकते तवाच निंगते ते गानं. रिकामं कसं म्हनन तिची माय?"

मला माझीच लाज वाटली. मी मुकाट्यानं मशीन उघडायला घेतलं.

आता थोडं मागचं सांगते. जानेवारीत राजू हेच मशीन घेऊन माझ्याकडे आला होता. घाटंजीत लोडशेडिंग होतं, लाइट सलग चार तासच राहायची. आणि लग्नाचा व्हिडिओ कापून-जोडून झाला की त्याची डीव्हीडीजोगी फाइल तयार व्हायला, ज्याला रेंडरिंग म्हणतात, साडेचार तास लागायचे. यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. म्हणजे काम संपत आलं की लाइट जाणार आणि परत पहिल्यापासून. रोजचं रडगाणं.

मी म्हटलं, वेग वाढवून देते. प्रोसेसर एका ठरावीक ठेक्यावर चालतो. मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तो ठेका वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ठेका वाढला की काम लवकर होतं, पण मशीन जास्त तापतं. म्हणून नियम असा की थोडं थोडं वाढवायचं, दर वेळी तापमान बघायचं आणि शेवटी मशीन पूर्ण ताणावर तासन्‌तास चालवून पाहायचं. त्याच ठेक्याबरोबर मेमरीचाही वेग वाढतो आणि खरी भीती तिथंच असते. प्रोसेसरला झेपलं नाही तर मशीन बंद पडतं, निदान कळतं तरी. मेमरीला झेपलं नाही तर मशीन चालूच राहतं, फक्त मधूनमधून चुकीचं लिहून ठेवतं. म्हणून मेमरीची टेस्ट सात-आठ फेऱ्या तरी चालवायची असते.

मी दोनशे मेगाहर्ट्झचा ठेका पाच-पाचनं वाढवत दोनशे तीसवर नेला. रेंडरिंग तीन तास पंचावन्न मिनिटांत बसलं. राजूनं मला पेढे दिले. मेमरीच्या टेस्टची पहिली फेरी पास झाली. दुसरी चालू असताना आमच्याकडची लाइट गेली. पेढा तोंडात होता. म्हटलं, झालं की, जा घेऊन.

तर गुरुवारी मशीन उघडलं आणि मला हवं ते सापडलं. राजूच्या दुकानाची मागची भिंत जिनिंगला लागून होती. रुईचे तंतू उडून आत गेले होते आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली ओली गादी तयार झाली होती. ओली, कारण कॅबिनेटचं झाकण काढून त्यानं मशीन पाण्याच्या कूलरसमोर ठेवलं होतं. कॉम्प्युटरला कूलर लावणारा माणूस आमच्या वऱ्हाडातच भेटेल.

"अरे, कॉम्प्युटरला पाण्याची हवा?"

"तुमीच त म्हनलं होतं, गरम होऊ देऊ नको. मी सोता उकाड्यात बसलो ताई, अन् कूलर त्याले देल्ला."

मी झापणार होते. पण माझ्याच कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि लक्षात आलं, की मी हे मशीन स्वेटर घालून तपासलं होतं. जानेवारीतलं तापमान बघून मी मे महिन्याची हमी दिली होती.

गादी काढली, सगळं कोरडं केलं, ठेका तोच ठेवला आणि मेमरीची टेस्ट लावली. पहिली फेरी स्वच्छ. दुसऱ्या फेरीत पडद्यावर लाल ओळी आल्या. जानेवारीत अर्धवट सुटलेली ती हीच फेरी.

"राजू, तुझी चूक अर्धी," मी म्हणाले. "माझी दीड."

ठेका परत दोनशेवर आणला. आता प्रश्न हरसिंगभाऊंचा. दोन डीव्हीडींमध्ये चौकोन वेगवेगळ्या जागी होते, म्हणजे ते रेंडरिंग करताना पडले होते आणि मूळ फाइल चांगली असायला हवी होती. दोन्हींत एकाच जागी असले, तर मात्र कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरवतानाच फाइल नासलेली असणार. मी दोन्ही डीव्हीडी पुढे सरकवत गेले. हळद, पंगत, सगळं वेगळं वेगळं. मग विदाई आली. दोन्हींत एकाच क्षणी पडदा फुटला आणि सुनीताच्या आईच्या, जमनाबाईंच्या तोंडून गाण्याऐवजी खरखर निघाली. मूळ फाइल लावली. तीच खरखर.

"राजू, विदाईची टेप कुठाय?"

राजू खाली बघत होता. टेप परत परत वापरायची सगळ्यांचीच पद्धत होती. एकदा कॉम्प्युटरमध्ये उतरवलं की टेप पुढच्या कार्यक्रमाला. "त्याच्यावर मंगळवारी बारसं घेतलं ताई," तो म्हणाला.

 

मी विचारलं, "बारसं किती वेळाचं?"

"अर्धा-पाऊन घंटा."

"आणि टेप एक तासाची. विदाई कधी घेतलीस तू? शेवटी ना?"

राजू धावतच कॅमेरा घेऊन आला. आम्ही टेप लावली. पाळणा, फुगे, घुगऱ्या. हरसिंगभाऊ बाकावरून उठून मागे येऊन उभे राहिले. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, बायका हसल्या, पडदा क्षणभर निळा झाला आणि सुनीता आईच्या गळ्यात पडलेली दिसली. जमनाबाईंनी सूर लावला. पहिल्या ओळीपासून, अख्खा. माझा जीव भांड्यात पडला. हरसिंगभाऊंनी शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही ओढणी लावली.

विदाई नव्यानं कॉम्प्युटरमध्ये उतरवली. मग राजूनं घड्याळ पाहिलं. "पन ताई, आता पुन्हा साडेचार घंटे. लाइट त चारच हाय."

मी परत आकडेमोडीला लागले. दोनशे वीस जमेल का, पंखा मोठा बसवू का. हरसिंगभाऊ थोडा वेळ ऐकत राहिले.

"माल ज्यादा आहे अन् गाडी लहान आहे, असंच ना?" त्यांनी विचारलं. "मंग दोन खेपा करा ना. आमी तेच करतो. एका खेपेत कोंबलं त गाडीचा आख मोडते."

मी राजूकडे पाहिलं, राजूनं माझ्याकडे. लग्न विदाईपाशी कापून दोन डीव्हीडी करायच्या, पहिलीत विदाईच्या आधीचं सगळं आणि दुसरीत विदाई, एक एका लाइटीत, दुसरी दुसऱ्या लाइटीत. हे जानेवारीतही करता आलं असतं. मी हार्डवेअरची बाई, मला वेगाशिवाय काही दिसलंच नव्हतं.

शनिवारी दोन्ही डीव्हीडी तयार झाल्या. सोमवारी त्या आसामला गेल्या.

त्यानंतर टेस्ट पुरी झाल्याशिवाय मी मशीन हातातून सोडलं नाही, आणि उन्हाळ्यात चालायचं मशीन उन्हाळ्यातच तपासलं. वेग वाढवून द्या म्हणणाऱ्याला मात्र आधी एवढंच विचारते, दोन खेपांत होत नाही का? बहुतेकांचं होतं.

दिवाळीत हरसिंगभाऊ बाजारात भेटले. मी सुनीताची चौकशी केली, डीव्हीडी नीट चालतात ना म्हणून विचारलं.

"दुसरी चालते," ते म्हणाले. "पयली अजून तिनं लावलीच नाई."