खोळवाल्या वहिनींचा राक्षस

वहिनींनी आयुष्यात एकच राक्षस शिवला आणि तोही इतका नीटनेटका, की त्याला बघून कुणाची घाबरायची टापच नव्हती. हे त्या स्वतःच सांगत आणि सांगताना सगळ्यांच्या आधी हसून घेत. लोकांना आधी हसू दिलं तर फार लागतं, हे त्या एका रविवारी सकाळी शिकल्या होत्या.

त्यांचं काम खोळी शिवण्याचं. सोफ्याच्या, खुर्च्यांच्या, पेटीच्या, मिक्सरच्या आणि एकदा तर एका गृहस्थांच्या लाकडी पायाची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर मशीन आणि भिंतीशी उरलेल्या रेक्झिनची भेंडोळी. चौतीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला होता: माल दिव्याखाली द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला सकाळी अकराला बोलवायचं, खोळ चढवायची, खुर्ची खिडकीशी ओढायची आणि चारी बाजूंनी फिरवून दाखवायची. "कोपरे बघा. शिवण बघा. आता मागून बघा. घरी गेल्यावर कुरकुर चालणार नाही." यजमान हयात होते तेव्हा म्हणायचे, "हिला स्वर्गाच्या दारात उभी केली, तर ही देवालाच म्हणेल, जरा मागून वळून दाखवा."

वहिनी हे नाव त्यांना धाकट्या दिरांनी दिलं आणि मग सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणू लागली. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा दीर पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या परीक्षेच्या काळात वहिनी पहाटे उठून त्यांना हलवून जागं करायच्या, आणि तेव्हापासून दिरांनी वहिनींना कधी नाही म्हटलं नव्हतं. ते आता बावन्न वर्षांचे होते. रस्त्यावरच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं 'पुढे वळण आहे' रंगवल्यावर त्यांनी स्वतःच एक वळण घेतलं. नोकरी सोडली आणि सिनेमा काढायला घेतला. सिनेमा कुठे लागला नाही, तर परत कारखान्यात जायचं होतं, आणि तेही ज्याला त्यांनी ब्रश धरायला शिकवलं त्याच्याच हाताखाली. जाऊबाई याबद्दल एक शब्द बोलत नसत. फक्त ताट जरा जोरात ठेवत.

एक दिवस दीर टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, एक खोळ हवी होती."

"कशाची?"

"माणसाची."

वहिनींनी टेप गळ्यात टाकली. "उभ्या की बसलेल्या?"

मग सगळा उलगडा झाला. इमारतीच्या पाण्याच्या टाकीत एक प्राणी राहतो, अशी गोष्ट होती. त्याचं डोकं दीर स्वतः कागदाच्या लगद्याचं करणार होते, अंग वहिनींनी शिवायचं. आत शिरणार होते पोहणं शिकवणारे मास्तर, कारण त्यांच्याइतका उंच आणि रिकामा माणूस ओळखीत दुसरा नव्हता.

"कातडं ओलं वाटलं पाहिजे," दीर म्हणाले. "आणि सुरकुत्या हव्यात. भरपूर."

वहिनींना कुणी शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. सुरकुती पडू नये म्हणून ज्या बाईनं चौतीस वर्षं मान मोडून घेतली, तिच्याकडे हा माणूस सुरकुत्या मागत होता. त्यांनी मान हलवली आणि एकही सुरकुती घातली नाही.

तीन आठवडे त्या कामाला भिडल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांकडच्या बाकांचं गडद हिरवं रेक्झिन उरलं होतं, ते वापरलं. दुहेरी शिवण घातली. कडेनं पायपिंग लावलं. पाठीवरची चेन पट्टीखाली लपवली आणि पट्टीला तीन हूक लावले. मास्तरांना घाम फार येतो, म्हणून आतून रुमालापुरता खिसाही ठेवला.

"मास्तर, वाका बघू."

"वाकता येत नाही, वहिनी."

"मग नका वाकू. राक्षसाला काय पडलंय वाकायचं?"

पहिलं चित्रीकरण एका बंद गोदामात झालं. एकच पिवळा बल्ब लावला होता आणि मास्तरांवर बादलीभर पाणी ओतलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वहिनींनी डोकावून पाहिलं, तर एक खांदा, थोडा हात आणि बाकी सगळा काळोख.

"भावोजी, माझं काम दिसतच नाहीये."

"दिसायचंच नाही, वहिनी. बघणाऱ्याच्या मनात जे येतं, ते तुम्हाला शिवता यायचं नाही आणि मला रंगवता यायचं नाही."

"मग मी तीन आठवडे डोळे फोडले ते काळोखाला दाखवायला? काळोखाला जुनी चादर चालली असती की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर अकरा वाजता, गच्चीवर, लख्ख उन्हात राक्षस टाकीतून बाहेर आला, सावकाश चालला आणि पूर्ण गोल फिरला. कॅमेऱ्याच्या मागे वहिनी उभ्या होत्या. "छान. आता उजवीकडून. आता मागून." दोन मिनिटं चाळीस सेकंद. वहिनींनी स्वतः घड्याळ लावलं होतं.

पुढे त्या सगळ्यांना सांगायच्या, की स्वस्तातले भुताखेतांचे सिनेमे का फसतात हे त्यांना विचारा. करणाऱ्याकडे राक्षस एकच असतो, त्याच्यावर जीव ओतलेला असतो, आणि जीव ओतलेली वस्तू माणसाला लपवून ठेववत नाही. पण हे शहाणपण नंतरचं. त्या रविवारी थिएटरच्या मॅनेजरनी नेहमीच्या खेळाआधी सिनेमा लावून बघायला हॉल दिला, तेव्हा वहिनींनी आपली एकतीस गिऱ्हाइकं गोळा केली होती. मुंजीचं नाही की लग्नाचं नाही, तरी घरोघर जाऊन आमंत्रण केलं होतं.

पहिला अर्धा तास हॉलमध्ये कुणी जागचं हललं नाही. नळातून काहीतरी ठिबकायचं, भिंतीवर ओला पंजा उमटायचा. पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी नकळत पाय वर खुर्चीवर घेतले. वहिनी मात्र धुसफुसत होत्या. एक टाका दिसत नव्हता.

मग गच्ची आली. ऊन आलं. राक्षस आला. आणि पुढच्या रांगेतून दातांचे डॉक्टर अगदी मायेनं म्हणाले, "अरे, ही तर आमची बाकं."

हॉल फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "जरा मागून बघू," आणि पडद्यावर राक्षस आज्ञाधारकपणे मागे वळला. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत हसू थांबलं नाही. शेवटी नायिका टाकीत ओढली गेली, तेव्हा एका बाईंनी गॅरंटी किती वर्षांची ते विचारलं.

वहिनींचे कान तापले. त्यांनी दिरांकडे पाहिलं. ते दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते आणि लोकांबरोबर हसत होते, पण फक्त तोंडानं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी वहिनी ग्लास भरत होत्या. खांबाच्या पलीकडून मॅनेजरचा आवाज आला.

"पहिल्या अर्ध्या तासात माझा चहा गार झाला, साहेब. मी त्याला हात लावला नाही. मग तुम्ही त्याला उन्हात काढलंत. तेवढं कापा, एक आठवडा देतो. नाहीतर माफ करा."

"ते कापता येणार नाही," दीर म्हणाले.

"का?"

"आहे एक कारण."

ते कारण ग्लास हातात धरून तिथेच उभं होतं आणि पाणी ग्लासावरून ओघळून पायावर पडत होतं.

दुपारभर वहिनींनी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचा मनापासून प्रयत्न केला. राक्षसाचं डोकंच बटाट्यासारखं झालं होतं. मास्तर चालले ते बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखे. डॉक्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं बघितली, आपलं कधी आवरलं नाही. सगळं खरं होतं, पण कशानं समाधान होईना. शेवटी त्यांनी हँगरला लावलेला राक्षस खिडकीशी आणला आणि गिऱ्हाइकाच्या नजरेनं चारी बाजूंनी पाहिला. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि इतकं निरुपद्रवीही. त्याच्यावर बसून निवांत पेपर वाचावा असं वाटत होतं. आपण राक्षस शिवलाच नाही, पोहण्याच्या मास्तरांना अभ्रा घातला, हे त्यांना कळलं आणि एकट्याच असल्यामुळे त्यांनी ते मोठ्यानं कबूल केलं.

सकाळी त्या दिरांच्या घरी गेल्या. दीर झोपायच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले होते. पडद्यावर काहीच चालू नव्हतं.

"भावोजी, तो गच्चीवरचा तुकडा काढा."

"राहू दे, वहिनी. लोकांना आवडला तो."

"लोक हसले."

"आवडलं म्हणून हसले."

"तुमच्या भावासारखं खोटं बोलू नका. त्यांनाही जमायचं नाही."

"पण वहिनी, तुमचं काम..."

"माझं काम कसं आहे ते मला ठाऊक आहे. काढा म्हणते ना. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. घरी गेले तर माझा विचार बदलेल, मला मी चांगली ओळखते."

दारात जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी कधी नव्हे तो चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला.

दिरांनी एक बटण दाबलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद गेली.

"पाठीमागची शिवण जराशी तरी राहिली का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"बरं."

त्या उठल्या, घरी आल्या आणि उसवणी घेऊन बसल्या. आधी पायपिंग उसवलं. मग सगळी खोळ न्हाणीघरात भिजत घातली, तुडवली, पिळली, दगडानं घासली आणि तशीच चुरगाळून तीन दिवस पाटाखाली दाबून ठेवली. एवढ्या हौसेनं एखादी वस्तू खराब करण्यात काही गंमत आहे, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. चौथ्या दिवशी गोदामात बल्बखालून मास्तरांची नुसती पाठ गेली. गच्चीच्या जागी तेवढंच जोडलं, सहा सेकंद.

मॅनेजरनी शब्द पाळला. मंगळवारी दुपारच्या खेळाला वहिनी कुणालाही न सांगता एकट्याच गेल्या. हॉलमध्ये एकोणीस माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. नायिकेचे संवाद अजूनही पाटीवर लिहिल्यासारखेच होते आणि एकदा तर भिंतीवर कॅमेरावाल्याची सावली स्पष्ट दिसली. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक अनोळखी बाई बसल्या होत्या. ती पाठ बल्बखालून गेली, तशी त्या बाईंनी वहिनींचं मनगट गच्च धरलं, आणि दिवे लागले तरी सोडलं नाही. त्यांची नखं रुतली होती. वहिनींनी हूं की चूं केलं नाही.

दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या, "काय होतं हो ते? धड दिसलंसुद्धा नाही. एवढा सिनेमा काढला, तर नीट उजेडात दाखवायला यांचं काय जात होतं?"

वहिनींच्या ओठांवर चौतीस वर्षांचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"दाखवण्यासारखं काही नसेल त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि एवढं बोलताना त्यांच्या जिवाला काय झालं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

"तरीच," बाई म्हणाल्या आणि मनगट सोडून पिशवीतली भाजी सारखी करू लागल्या.