पितृपक्षाच्या आत

धाकट्याचा जन्म पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी झाला. तो योगायोग नव्हता. ठरवून केलं होतं, आणि ठरवणाऱ्यांत मीही होते.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी काहीच ठरलं नव्हतं. आम्ही बदलीवर चंदीगडला नुकतेच आलो होतो. कळा चालू असताना बाळाचे ठोके एकदम मंदावले आणि मला पूर्ण भूल देऊन सिझेरियन केलं. मी जागी होईपर्यंत साताऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांनी तिचे फोटो पाहून नाक कोणावर गेलंय याचा निकालही लावला होता. पुढे टाके चिघळले, महिनाभर मी वाकून चालले. मुलगी ठणठणीत. सलत राहिलं ते एवढंच, की तिचं पहिलं रडणं मी ऐकलं नव्हतं.

म्हणून या वेळी ठरवून सिझेरियन, जागेपणी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उनतालीस हफ्ते पूरे होने दो जी." ते एकोणचाळीस आठवडे पितृपक्षात पुरे होत होते.

"अगं, आठ दिवस आधी केलं तर काय बिघडतंय?" सासूबाई फोनवर म्हणाल्या. "गुरुजींनी वेळही काढून दिलीय. दहा बेचाळीस."

नवऱ्याला बँकेतून रजाही त्याच आठवड्यात मिळत होती. एरवी पंचांगाची टिंगल करणारी मी हो म्हणाले. रडणं आठ दिवस आधी ऐकायला मिळणार होतं.

"फेफड़े थोड़े कच्चे रह सकते हैं," डॉक्टरबाईंनी बाळाच्या फुफ्फुसांचा धोका लिहिलेला संमतीचा कागद पुढे केला. "समझ गए ना?"

मी सही केली.

कमरेखाली बधिर, समोर हिरवा पडदा. भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघून म्हणाले, "दस बयालीस! पंडितजी खुश?" सगळे हसले, मीही. मग रडणं आलं, पण अर्धंच. त्यानंतर कण्हल्यासारखा आवाज, घाईची पावलं, दाराचा आवाज.

"फेफड़ों में पानी रह गया है, उतर जाएगा," डॉक्टरबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या.

टाके या वेळी सुरेख भरत होते. दुसऱ्या दिवशी मी ताठ चालत होते आणि नर्स माझं कौतुक करत होती. खोलीच्या दारावर हॉस्पिटलने निळ्या फुग्यांची कमान लावली होती, पॅकेजमध्येच होती ती. आत पाळणा रिकामा. शेजारच्या खोलीतून लाडू आले. नवरा मुलीला सांभाळायला घरी गेलेला. बाळ खालच्या मजल्यावर, नाकात नळी घालून, काचेपलीकडे.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "वेळ साधली ना गं?"

"साधली," मी म्हटलं. खोलीत दाखवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कॅमेरा फुग्यांकडे वळवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला माझ्याकडे आणलं. श्वास आता संथ होता. तो गाढ झोपला. मी अर्धा तास वाट पाहिली, मग त्याच्या तळव्याला हलकी टिचकी मारली. एकदा, पुन्हा एकदा. त्याने तोंड उघडलं आणि पूर्ण छाती भरून रडला.

नर्स धावत आली. "सोने दो ना जी! क्यों रुला रहे हो?"

मी सॉरी म्हटलं. त्याला मात्र लगेच थोपटलं नाही.